गेमिंग लॅपटॉपची स्क्रीन कशी निवडावी: कोकणातून पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

रॅम बहुतेक वेळा नंतर वाढवता येते. एसएसडी बदलता येते. कीबोर्डचं एखादं बटण गेलं तरी काहीतरी मार्ग निघतो. स्क्रीन मात्र जी आली तीच चार-पाच वर्षं समोर राहते. पॅनेल बदलून मिळत नाही असं नाही, पण जुळणारं पॅनेल शोधा, त्याचा कनेक्टर बसतो का बघा, वॉरंटीवर पाणी सोडा, एवढा उपद्व्याप कोणी करत नाही. तरीही दुकानात गेल्यावर आपण काय विचारतो? कार्ड कुठलं, रॅम किती, कीबोर्डला लाइट आहे का. स्क्रीनबद्दल प्रश्न एकच: ‘फुल एचडी आहे ना?’ दुकानदार ‘आहे’ म्हणतो आणि विषय संपतो.

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही राहत असाल तर आपल्याला दोन अडचणी जास्तीच्या. तालुक्याच्या दुकानात गेमिंगचे दोन-तीन लॅपटॉप मांडलेले असतात आणि हवं ते मॉडेल ‘मागवून देतो’ असं उत्तर मिळतं. म्हणजे दुकानातून घ्या नाहीतर ऑनलाइन, बघायला काही मिळत नाहीच. दुसरं म्हणजे सर्व्हिस सेंटर. पॅनेलला काही झालं तर लॅपटॉप कोल्हापूरला, पनवेलला नाहीतर मुंबईला जाणार. म्हणून न बघता घ्यायचं असलं तरी कागदावरून स्क्रीन ओळखता आली पाहिजे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रेझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर किती ठिपके (पिक्सेल) आहेत, हा सगळ्यात ठळक छापलेला आकडा, आणि तोच सगळ्यात शेवटी बघायचा. आधी उजेड, मग रंग, मग वेग, आणि मग आपलं ग्राफिक्स कार्ड किती पिक्सेल पेलू शकतं त्या हिशेबाने रेझोल्यूशन.

१. लॅपटॉप कुठे बसून वापरणार ते ठरवा

स्क्रीनचा ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात. गेमिंग लॅपटॉपमध्ये तो साधारण २५०, ३००, ४०० किंवा ५०० असा दिलेला असतो. रात्री खोलीचं दार लावून खेळणाऱ्याला २५० निट्स पुरतात. पण आपली घरं अशी बंदिस्त कुठे असतात? पडवी उघडी, समोर खळं, आणि मे महिन्यात खळ्यावर पडलेलं ऊन थेट डोळ्यांवर येतं. त्यात मोबाइलची रेंज माजघरात एक काडी आणि पडवीत तीन, अशी घरं गावोगाव आहेत. हॉटस्पॉटवर खेळायचं तर लॅपटॉप पडवीतच येणार. तिथे २५० निट्सच्या स्क्रीनवर गेममधला अंधारा बोगदा उघडला की शत्रूऐवजी स्वतःचं तोंड दिसतं.

तेव्हा ३०० निट्सच्या खाली शक्यतो उतरू नका. पडवीत किंवा खिडकीसमोर बसणार असाल तर ४०० बघा. मॅट, म्हणजे अँटी-ग्लेअर स्क्रीन घ्या. चकचकीत स्क्रीन दुकानाच्या दिव्याखाली सुंदर दिसते, पण पाठीमागे दार उघडं असेल तर ते दार, अंगण आणि अंगणातला माड सगळं तिच्यात उमटतं.

दोन बारकावे. जाहिरातीत कधी कधी ‘एचडीआर ६०० निट्स’ असं लिहितात. तो आकडा स्क्रीनच्या छोट्याशा भागाने थोड्या वेळापुरता गाठायचा असतो. रोजच्या वापरातला साधा आकडा वेगळा विचारा. आणि बॅटरीवर गेल्यावर बरेच लॅपटॉप चार्ज वाचवण्यासाठी स्वतःहून स्क्रीन फिकी करतात. एएमडीच्या प्रोसेसरवर या सोयीला व्हॅरी-ब्राइट (Vari-Bright) म्हणतात. वादळी पावसात लाइट गेली आणि रंग एकदम उतरल्यासारखे वाटले तर पॅनेल बिघडलेलं नाही, ती सेटिंग बंद करा.

२. स्पेसिफिकेशनची ओळ नीट वाचा

स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या पानावर साधारण अशी ओळ असते:

‘१५.६ इंच, एफएचडी १९२० × १०८०, १४४ हर्ट्झ, आयपीएस-लेव्हल, अँटी-ग्लेअर, २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी.’

पहिले तीन आकडे मोठ्या अक्षरात आणि शेवटचे दोन बारीक. कधी कधी शेवटचे दोन नसतातच. खरी गंमत तिथेच आहे.

‘आयपीएस-लेव्हल’ वाचून घाबरू नका. आयपीएस हा पॅनेलचा एक चांगला प्रकार, आणि तसंच तंत्र दुसऱ्या कारखान्याने केलं की कंपन्या असं लिहितात. बाजूने बघितलं तरी रंग फारसे उलटत नाहीत, एवढं त्यातून कळतं. बाजूने बघितलं की रंग उलटणारी जुनी टीएन पॅनेल आता नव्या गेमिंग लॅपटॉपमध्ये क्वचितच दिसतात. दिसलं तर सोडून द्या.

‘४५ टक्के एनटीएससी’ हा मात्र धोक्याचा बावटा. एनटीएससी हे १९५३ सालचं अमेरिकी रंगीत टीव्हीचं माप. कॉम्प्युटरसाठी रोजच्या वापरातलं माप एसआरजीबी. ते एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये पुढे आणलं, आणि आजही बहुतेक गेम, फोटो, वेबसाइट त्याच मापाने बनतात. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६२-६३ टक्के. म्हणजे गेम बनवणाऱ्याने जेवढे रंग भरले त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तुमची स्क्रीन दाखवूच शकत नाही. ७२ टक्के एनटीएससी असेल तर ते जवळपास १०० टक्के एसआरजीबी. हे दोन आकडे पाठ करा: ४५ टाळा, ७२ घ्या. नुसतं ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं असेल तरी तेच.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर फोनमध्ये ऑगस्टमधल्या भातशेतीचा एखादा फोटो असेलच. तो ४५ टक्केवाल्या लॅपटॉपवर उघडा आणि फोन शेजारी धरा. फोनवर जो पोपटी हिरवा अंगावर येतो, तो लॅपटॉपवर पिवळट, वाळलेल्या पेंढ्याकडे झुकलेला दिसेल. लाल कौलं विटकरी दिसतील. सेटिंगमध्ये रंग कितीही वाढवा, जे पॅनेलमध्ये नाही ते येणार नाही.

निव्वळ स्पर्धेचे गेम खेळणाऱ्याला याने फार बिघडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. व्हॅलोरंटमध्ये समोरचा माणूस दिसला म्हणजे झालं. पण त्याच लॅपटॉपवर घरच्या होमस्टेची रील्स एडिट करायची असतील, तर ४५ टक्क्यांच्या स्क्रीनवर रंग भडक करत बसाल आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर समुद्र निळा शाईसारखा दिसेल.

पानावर निट्स किंवा रंगाचा आकडा दिलेलाच नसेल तर हलकंच पॅनेल आहे असं धरून चाला. चांगलं असतं तर लिहिलं असतं.

आणखी एक सापळा. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळी पॅनेल येतात. नाव तेच, प्रोसेसर तोच, कार्ड तेच, पण एका प्रकारात ३०० निट्स आणि १०० टक्के एसआरजीबी, दुसऱ्यात ४५ टक्के एनटीएससी. यूट्यूबवरच्या भाऊंनी ज्याची तारीफ केली तो पहिला, आणि सेलमध्ये चार हजारांनी स्वस्त मिळतो तो दुसरा, असं सर्रास होतं. म्हणून नावावर जाऊ नका. डब्यावर आणि विक्रीच्या पानावर एक लांबलचक मॉडेल क्रमांक असतो, तो पूर्ण घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर शोधा. लेनोव्होची तर पीएसरेफ नावाची वेगळी साइटच आहे, तिथे क्रमांक टाकला की कुठलं पॅनेल आहे ते कळतं. मोजून तपासलेले आकडे हवे असतील तर नोटबुकचेकवर त्या मॉडेलचा रिव्ह्यू बघा. ब्राइटनेस, रंग आणि रिस्पॉन्स टाइम ते यंत्राने मोजतात.

३. हर्ट्झ आणि रिस्पॉन्स टाइम जोडीने बघा

हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते. ६० हर्ट्झवर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद राहतं, १४४ वर ६.९, १६५ वर ६.१. साठवरून १४४ वर गेलं की फरक कोणालाही कळतो, नुसता माउस हलवला तरी. १४४ आणि १६५ मधला फरक जवळजवळ नाहीच, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. २४० हर्ट्झचा उपयोग नेमबाजीचे गेम मन लावून खेळणाऱ्यालाच, आणि कार्डही सेकंदाला तेवढ्या फ्रेम्स, म्हणजे चित्रं, काढणारं हवं.

पण पाटीवर १४४ हर्ट्झ असून चित्र पुसट का दिसतं? उत्तर रिस्पॉन्स टाइममध्ये आहे. पिक्सेलला एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जायला वेळ लागतो. हलक्या पॅनेलमध्ये तो पंचवीस-तीस मिलिसेकंद असू शकतो. पुढचं चित्र सात मिलिसेकंदांत येतंय आणि आधीचं अजून पुसलंच गेलेलं नाही, मग पळणाऱ्या माणसामागे सावली ओढल्यासारखी दिसते. यालाच घोस्टिंग म्हणतात. जाहिरातीतले ‘३ मिलिसेकंद’ बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला जोर लावून पळवायची सेटिंग, चालू करून काढलेले असतात. तरीही ज्या लॅपटॉपच्या पानावर हा आकडा दिलेला असतो त्याचं पॅनेल सहसा बरं असतं. जिथे दिलेलाच नसतो तिथे शंका घ्या.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक, जी-सिंक, फ्रीसिंक यांपैकी काहीतरी असावं. गेमच्या फ्रेम्स कमी-जास्त होतात तसा स्क्रीनचा वेग जुळवून घेतला जातो आणि चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसत नाही. फ्रेम्स चढ-उतार करणाऱ्या मध्यम कार्डवर याचा फायदा जास्त.

मक्स स्विच हा शब्दही कानावर येईल. तो असला की ग्राफिक्स कार्ड थेट स्क्रीनला चित्र पाठवतं, प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सचा वळसा पडत नाही. असेल तर उत्तम.

४. आता रेझोल्यूशन, आणि इथे कार्ड समोर ठेवा

भाचा बारावी झाला आणि फोनवर पहिला प्रश्न आला, “मामा, फोर-के घेतलंय तर गेम बरो दिसतलो मा?” दिसतलो रे, पण चालतलो काय?

आधी पिक्सेलचा हिशेब बघा. फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८०, यात सुमारे २०.७ लाख पिक्सेल. १६ इंची नव्या लॅपटॉपमध्ये येणारं १९२० × १२०० म्हणजे २३ लाख. २५६० × १४४० म्हणजे जवळपास ३७ लाख. २५६० × १६००, ज्याला दुकानात ‘टू पॉइंट फाइव्ह-के’ म्हणतात, ते ४१ लाख. आणि फोर-के, ३८४० × २१६०, तब्बल ८३ लाख. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये एवढे पिक्सेल रंगवायचे असतात. फुल एचडीवरून टू पॉइंट फाइव्ह-केवर गेलात की काम जवळजवळ दुप्पट, फोर-केवर चौपट. फ्रेम्स अगदी त्याच प्रमाणात पडतात असं नाही, पण पडतात नक्की.

दुसरी बाजू डोळ्यांची. १५.६ इंचांवर फुल एचडी असेल तर इंचाला सुमारे १४१ पिक्सेल बसतात. १६ इंचांवर २५६० × १६०० असेल तर १८९. घरातल्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ते फक्त ९२ असतात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. म्हणजे लॅपटॉपच्या आकारावर फुल एचडी मुळातच बऱ्यापैकी रेखीव असतं. गेममध्ये सगळं हलत असताना तर फरक आणखी कमी जाणवतो. वाचताना मात्र जाणवतो. त्यातही आपली देवनागरी. जोडाक्षरं, रफार, उकार, अनुस्वाराचा टिंब हे सगळं लहान फाँटमध्ये १४१ वर दाटीवाटीने बसतं आणि १८९ वर सुटं, स्वच्छ दिसतं. कॉलेजचा अभ्यास, टायपिंग, ई-पेपर याच लॅपटॉपवर करणार असाल तर जास्त रेझोल्यूशनला तेवढं वजन द्या.

मग कोणी काय घ्यावं?

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० किंवा ४०५० कार्ड असेल तर फुल एचडी किंवा १९२० × १२००, दुसरा विचार नको. ३०५० ला ४ किंवा ६ जीबी आणि ४०५० ला ६ जीबी ग्राफिक्स मेमरी मिळते. नव्या मोठ्या गेमना फुल एचडीतच ती तोकडी पडते. जास्त रेझोल्यूशन घातलं की मेमरी आधी भरते आणि गेम अडखळायला लागतो.

आरटीएक्स ४०६०, ५०५० किंवा ५०६० असेल, तर तिघांनाही ८ जीबी मेमरी आहे आणि २५६० × १६०० ची स्क्रीन इथून शोभायला लागते. याचं कारण डीएलएसएस. या सोयीत कार्ड गेम कमी रेझोल्यूशनवर रंगवतं आणि मग चित्र मोठं करून स्क्रीनच्या मापाला आणतं. क्वालिटी मोडवर २५६० × १६०० च्या स्क्रीनसाठी आतमध्ये सुमारे १७०७ × १०६७ एवढंच चित्र रंगवलं जातं, म्हणजे १८ लाख पिक्सेल. फुल एचडीपेक्षाही कमी! वाढवण्याचं काम वेगळं करावं लागतं, तरी हिशेब परवडतो. उलट फुल एचडी स्क्रीनवर क्वालिटी मोड लावला तर आत १२८० × ७२० वरून चित्र वाढवलं जातं, आणि दूरची झाडं, तारा, केस पुसट होतात. डीएलएसएस जास्त पिक्सेलच्या स्क्रीनवर जास्त चांगलं दिसतं ते यामुळे. एएमडीचं एफएसआरही याच धर्तीवर चालतं.

ज्या गेममध्ये डीएलएसएस किंवा एफएसआर नाही तिथे काय? जुना गेम असेल तर कार्ड तसाही पेलतं. नाहीतर रेझोल्यूशन खाली आणायचं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: २५६० × १६०० च्या स्क्रीनवर १९२० × १२०० चालवलं की एक पिक्सेल आडवा आणि उभा दोन्हीकडे सव्वा-दीड पिक्सेलांवर पसरावा लागतो आणि सगळं किंचित धूसर होतं. मूळ फुल एचडी स्क्रीनवर तोच गेम जास्त रेखीव दिसेल. म्हणून ‘मोठं रेझोल्यूशन घेऊन ठेवू, नंतर कमी करता येईल’ हा विचार वाटतो तेवढा फुकटचा नाही.

फोर-के लॅपटॉपवर नको. आरटीएक्स ५०८०-५०९० च्या घरात जाणाऱ्यांनी बघावं, आणि ते लोक हा लेख वाचत नसतील.

कार्डाचं नाव बघताना त्याचे वॉटही, म्हणजे ते किती वीज घेऊ शकतं तेही, विचारा. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही बसवता येतं. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये भारी स्क्रीन आणि कमी वॉटचं कार्ड अशी जोडी लावलेली असते. तिथे टू पॉइंट फाइव्ह-के स्क्रीन बघायला छान आणि खेळायला जड.

स्क्रीनचा आकारही इथेच ठरवून टाका. रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१० असलेली उंच स्क्रीन कामाला बरी, आणि आता बऱ्याच नव्या मॉडेलना तीच येते. जुन्या गेममध्ये वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर चालायचंच.

५. पैसे कमी पडत असतील तर

बजेट साठ-सत्तर हजारांच्या आसपास असेल तर एका बाजूला बरं कार्ड आणि ४५ टक्क्यांची स्क्रीन, दुसऱ्या बाजूला हलकं कार्ड आणि चांगली स्क्रीन, असा पेच येतो. शिक्षणासाठी पुण्या-कोल्हापूरला हॉस्टेलवर जाणाऱ्याने चांगल्या स्क्रीनचा लॅपटॉप घ्यावा, कारण दिवसाचे दहा तास तो तीच बघणार. घरीच राहून टेबलावर खेळणाऱ्याने बरं कार्ड घ्यावं आणि सहा महिन्यांनी २४ इंची आयपीएस मॉनिटर जोडावा. गणपतीत घेतला तर सेलही असतो. मॉनिटर एसटीच्या कॅरिअरवर टाकून हॉस्टेलला न्यायचा विचार मात्र करू नका, वाटेत घाट आहे.

मॉनिटर जोडायचा बेत असेल तर एचडीएमआयची आवृत्ती बघून ठेवा. २.० वर फोर-के ६० हर्ट्झपर्यंतच जातं, २.१ वर १२० पर्यंत. फुल एचडीला दोन्ही चालतात.

६. ओएलईडी घ्यावा का?

रंग आणि काळा गडदपणा बघून मोह होतोच. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं म्हणजे खरंच काळं. साध्या आयपीएसमध्ये पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण हजाराला एकच्या आसपास असतं आणि अंधारात काळा रंग राखाडी दिसतो. घोस्टिंगही ओएलईडीत जवळजवळ नाही.

पण आपल्याकडे दोन गोष्टी आड येतात. बहुतेक ओएलईडी स्क्रीन चकचकीत असतात, आणि पडवीचं वर सांगितलंच आहे. दुसरं, एकच चित्र रोज तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग कायमचा पडू शकतो. एकच गेम रोज चार तास खेळणाऱ्याच्या स्क्रीनवर नकाशाचा चौकोन आणि गोळ्यांचा आकडा नेमका त्याच जागी असतो. कमी ब्राइटनेसवर काही ओएलईडी झपाट्याने लुकलुकतात. ते दिसत नाही, पण काहींचे डोळे दुखतात. रात्री खोलीत बसून कथेचे गेम खेळणाऱ्याने खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी चांगल्या आयपीएसवर समाधान मानलं तर काही बिघडत नाही.

७. बघायला मिळाला तर काय बघायचं

रत्नागिरीत, चिपळूणला दुकानात बघा, किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरला जा. मुंबईला जाणं होत असेल तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच. आधी मॉडेल क्रमांक लिहून न्या आणि नेमका तोच बघायला मागा.

दुकानात स्क्रीनवर जो व्हिडिओ फिरत असतो तो बंद करायला सांगा. काळ्या पार्श्वभूमीवर रंगांचे फवारे उडत असले की कुठलीही स्क्रीन झकास दिसते. त्याऐवजी पांढरं पान उघडा. कोपरे पिवळट आहेत का बघा. मग मराठी मजकुराचं एखादं पान उघडून नेहमीच्या अंतरावरून वाचा. ब्राइटनेस पूर्ण वाढवून लॅपटॉप दुकानाच्या दाराकडे वळवा. चार्जर काढून पुन्हा बघा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत जाऊन रिफ्रेश रेट किती लावलेला आहे ते बघा, बऱ्याचदा १४४ ची स्क्रीन ६० वरच चालू असते. घरीही पहिल्या दिवशी हेच तपासा.

घोस्टिंगसाठी टेस्ट यूएफओ नावाचं पान ब्राउझरमध्ये उघडा. सरकणाऱ्या तबकडीमागे किती सावली ओढली जाते ते दिसतं. दुकानदार जरा वैतागेल. वैतागू द्या, पैसे आपले आहेत.

८. घरी आल्यावर पहिल्या रात्री

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, डब्यावरच्या क्रमांकासकट. तो क्रमांक तुम्ही मागवलेल्याशी जुळतो का ते सील काढायच्या आधी बघा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं की आत बसवलेलं पॅनेल कुणाचं आहे तेही कळतं. बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी अशी नावं दिसतील. सोबतच्या पॅनेल क्रमांकावरून निट्स आणि रंग शोधता येतात.

रात्री दिवे घालवा, पूर्ण काळं चित्र उघडा, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवा. कडांतून उजेड झिरपताना दिसेल. थोडा प्रत्येक आयपीएसला असतो. डोकं हलवल्यावर तो जागा बदलत असेल तर ती आयपीएसची नेहमीची झाक, दोष नाही. एकाच जागी पिवळट डाग ठाम राहत असेल आणि गेमच्या अंधाऱ्या प्रसंगातही दिसत असेल तर फोटो काढून परतीची मुदत संपायच्या आत कळवा. मग लाल, हिरवं, निळं, पांढरं अशी एकरंगी चित्रं उघडून मेलेला पिक्सेल शोधा. एखाददुसरा डेड पिक्सेल बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, पण विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीत बदलून मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे हे काम ‘रविवारी बघू’ म्हणून ठेवायचं नाही.

वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की सेंटरवर नेऊन द्यायची, आणि घरी येणारी असेल तर तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे घेण्याआधीच कस्टमर केअरला विचारून ठेवा. तालुक्याचा पिनकोड चालतो आणि वाडीचा चालत नाही असंही होतं. अपघाती नुकसानीचं जास्तीचं कव्हर मिळत असेल तर घ्या. फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत येत नाही, आणि १६५ हर्ट्झचं पॅनेल साध्या लॅपटॉपच्या पॅनेलपेक्षा महाग पडतं.

पावसाळ्यात लॅपटॉप आठवडाभर बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवला की आतला ओलावा निघून जातो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून बदला. स्क्रीन पुसायला काचेचा स्प्रे वापरू नका, मॅट थर खराब होतो. मायक्रोफायबरचं फडकं, ते ओलं करून घट्ट पिळलेलं, आणि स्क्रीन बंद असताना हलक्या हाताने. किनाऱ्याला घर असेल तर खारी धूळ बसते, ती कोरडी घासली की ओरखडे उठतात, म्हणून आधी फुंकर किंवा मऊ ब्रश. आणि झाकण बंद करण्याआधी कीबोर्डवर एकदा नजर टाका. चकलीचा एक तुकडा राहिला तरी पॅनेलला तडा जायला पुरतो.